जालना : शंभरपैकी शंभर

कारभारींची नात आकांक्षा बीएस्सी झाली आणि त्यांच्या बैठकीत काळ्या झग्यातला पहिला फोटो लागला, त्याच्या पुढच्या महाशिवरात्रीची ही गोष्ट. म्हणजे साल २०२३.

तीर्थपुरीपासून सहा किलोमीटरवरच्या त्यांच्या गावात महाशिवरात्रीचा उपास सुटला की दुसऱ्या दिवशी सप्ता बसतो. सात दिवस महादेवाच्या देवळात वीणा खाली टेकू द्यायची नाही, असा नियम. एकानं दोन तास उभं राहून वीणा वाजवत नाव घ्यायचं, दोन तास झाले की ती दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. याला पहारा म्हणतात. पहाटेचे पहारे चुकवायला लोक पाठदुखीपासून पाहुण्यांपर्यंत सगळी कारणं सांगतात. पहिला पहारा मात्र मानाचा. पूजा नुकतीच झालेली असते, फेटे बांधलेले असतात, अख्खं गाव समोर बसलेलं असतं आणि उभा असतो तो एकच माणूस.

चोवीस वर्षं तो माणूस कारभारी होते. नाव कारभारी असलं तरी गावात त्यांचा कुठलाच कारभार चालत नसे. सोसायटीत नाही, पंचायतीत नाही, घरात तर नाहीच. तिथं दुर्गाबाई होत्या. कारभारींचं आयुष्य मोसंबीची कलमं बांधण्यात गेलं. वर्षातून दोन तास गाव त्यांच्याकडे मान वर करून बघे, आणि बाकीचं वर्ष ते त्या दोन तासांवर काढत.

वामन गुरुजी गावच्या शाळेत तेहेतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. मुलगी पुण्याला. ती बोलावत असे, पण गुरुजी आणि विमलबाई गावातच राहिले, कारण पुण्यात सकाळी सात वाजता वाद घालायला कुणी मिळत नाही. इथं राधेश्यामच्या हॉटेलात कारभारी मिळत. अकरा वर्षं दोघं एकाच बाकावर बसून एकच वाद घालत होते.

कर्त्याशिवाय वस्तू होत नाही, हे कारभारींचं म्हणणं. त्यांचा धंदाच तसा. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरायचा, पट्टी बांधायची, पाणी सांभाळायचं, तेव्हा कुठं मोसंबीचं झाड होतं. हात लावला नाही तर जंबेरी जन्मभर जंबेरीच राहते, हे त्यांनी पन्नास वर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं. गुरुजींचं म्हणणं असं, की जीव आपोआप बदलत आले, त्याला कोट्यवधी वर्षं लागली, याला उत्क्रांती म्हणतात आणि यात कुणाचाही हात नाही.

एकदा कारभारींनी बाकावरच मोसंबी सोलली.

"ह्या फोडी पहा गुरुजी. एकीला एक लावून बराबर बसवलेल्या. वरून साल, आतून पडदा, रस सांडू न्हाई म्हणून. म्या साधं एक क्रेट भरतो तं चार मोसंब्या दबतेत. आन हे कुणी भरलंच न्हाई म्हणता?"

"भरलं असेल तर त्यात बिया कशाला ठेवल्या?" गुरुजी म्हणाले. "तुम्ही कलम करता, खाणारा त्या थुंकून टाकतो. तुमच्या कर्त्याला मोसंबीची लागवड माहीत नव्हती काय?"

"बी तुमच्यासाठी ठुली. थुंकोस्तोर तोंड गप राहावं म्हणून."

राधेश्यामला कोण जिंकतं याच्याशी देणंघेणं नव्हतं. वाद रंगला की दोघं दुसरा चहा सांगत, एवढं त्याला पुरे होतं.

जानेवारीत गुरुजी मुलीकडे, यशश्रीकडे, आठ दिवस राहून आले. यशश्री कुठल्याशा कंपनीत आकडेवारीचं काम करते. तिनं वडलांच्या मोबाइलवर एक पान उघडून दिलं. त्यात एखादा शब्द टाकला की लोक तो गूगलवर कधी जास्त शोधतात, कधी कमी, याची वर-खाली जाणारी रेघ दिसे, आणि रेघेखाली कुठल्या भागात तो जास्त शोधला जातो याची यादी. ती त्याचा अर्थ सांगायला लागली तेवढ्यात तिला ऑफिसचा फोन आला. गुरुजींनाही दुसऱ्याकडून अर्थ सांगून घ्यायची सवय नव्हती. त्यांनी 'उत्क्रांती' हा शब्द टाकला. यादीत सगळ्यात वर आलं : जालना, १००.

तेहेतीस वर्षं पेपर तपासलेल्या माणसाला शंभर हा आकडा दिसला की तो गुणच वाटतो. आपण शिकवलेलं कुठंतरी रुजलं, असं वाटून गुरुजींना त्या दिवशी जेवण गेलं नाही. गावी परतल्यावर त्यांनी पिशवी घरात ठेवली आणि थेट हॉटेल गाठलं.

"जिल्हा सुधारला, कारभारी," ते म्हणाले. "महाराष्ट्रात पहिला. शंभरपैकी शंभर. पुणंसुद्धा खाली आहे."

कारभारींनी मोबाइल हातात घेऊन आकडा पाहिला, उलटा करून मागची बाजूही पाहिली आणि चहा अर्धा टाकून घरी आले. आकांक्षा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत बसली होती. तिला त्यांनी तेच पान काढायला लावलं.

"आबा, ह्यो शंभर म्हंजे मार्क न्हाईत आन टक्के बी न्हाईत," ती म्हणाली. "जिथं लोकांच्या मानानं सगळ्यात जास्त शोधलं, तिथं शंभर धरतेत. बाकीचे त्याच्या हिशोबानं खाली. थोड्याच लोकांनी शोधलं तरी कुणाला तरी शंभर येतंच. आन दहावीच्या सायन्सच्या दुसऱ्या भागात उत्क्रांतीचा धडा पहिलाच हाय. पूर्वपरीक्षा चालू हायती. पोरं शोधून राह्यलेत."

"म्हंजे मानत न्हाईत ते?"

"मानायचा संबंधच कुठं आला? शोधलं, एवढंच."

इथं कारभारी उठले असते तर पुढचं काही झालं नसतं. पण ते म्हणाले, "मंग आपलं टाक. सृष्टीचा कर्ता." आकांक्षानं टाकलं. रेघ आलीच नाही. दाखवण्याएवढी माहिती उपलब्ध नाही, असं एक वाक्य आलं. कारभारींनी ते दोनदा वाचून घेतलं. अख्ख्या जिल्ह्यात एक माणूस नाही, हे त्यांच्या मनाला फार लागलं.

"ज्याचं हरवलं त्यो शोधतो," दुर्गाबाई चुलीपुढून म्हणाल्या. "आपला देव कुठं हरवलाय? देवळात तं हाय."

या सगळ्या प्रकरणात याहून नेमकं कुणीच काही बोललं नाही. पण दुर्गाबाई चुलीकडे तोंड करून बोलल्या आणि कारभारी मोबाइलकडे तोंड करून बसले होते.

चार दिवसांनी देवळात सप्त्याची बैठक झाली. समितीचे अध्यक्ष साहेबराव नावं सांगत होते आणि वामन गुरुजी यादी लिहीत होते. गुरुजी देव मानत नसले तरी पहाऱ्याची यादी दरवर्षी तेच लिहीत, कारण गावात वळणदार अक्षर त्यांचंच. पहिल्या ओळीत कारभारींचं नाव लिहिताना त्यांना राहवलं नाही. ज्याला जिल्ह्यात कुणी शोधत नाही त्याला कारभारी आता दोन तास हाका मारणार, असं ते म्हणाले. तीस-पस्तीस माणसं बसली होती. सगळी हसली.

हॉटेलात चौघं हसतात ते वेगळं. देवळात, पहिल्या पहाऱ्याच्या नावावर गाव हसलं, हे कारभारींना सोसलं नाही. ते उभे राहिले.

"पंधरा दिवस द्या. जिल्ह्यानं कर्त्याला उत्क्रांतीपरीस जास्त शोधलं न्हाई, तं पहिला पहारा सोडला म्या."

हसू थांबलं. आपण गमतीनं बोललो, असं गुरुजी सांगू लागले, पण कारभारी म्हणाले, "लिव्हा." मग गुरुजींनाही काहीतरी पणाला लावणं भाग पडलं. आपण हरलो तर सातही दिवस पुढच्या रांगेत बसून कीर्तन ऐकू आणि मध्ये एकही शंका विचारणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. विमलबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पाळता येईल तेवढंच बोलावं माणसानं."

यादीत जागा रिकामी राहायला नको म्हणून साहेबरावांनी आणखी एक ओळ घालायला लावली : हरणाऱ्याचा मान जिंकणाऱ्याला. त्या ओळीचा कुणी विचारच केला नाही. तीन हजार वस्तीच्या गावात गुरुजी एकटे होते. विमलबाईसुद्धा त्यांच्या बाजूच्या नव्हत्या. शेवटच्या दिवशी दोन्ही शब्दांच्या रेघा आकांक्षानं वाचून दाखवायच्या, असं ठरलं. शोधणं म्हणजे कौल देणं नव्हे, असं ती सांगायला उठली. साहेबराव म्हणाले, "पोरी, तू फकस्त वाचायचं."

दुसऱ्या दिवसापासून कारभारी प्रचाराला लागले. गुरुजींना शंभर हे गुण वाटले होते. कारभारींना ती मतं वाटली. पंचायतीच्या निवडणुका त्यांनी जन्मभर पाहिल्या होत्या, फक्त उभं राहायचं कधी जमलं नव्हतं. आकांक्षाकडून त्यांनी दोनशे चिठ्ठ्या लिहून घेतल्या. चिठ्ठीवर लिहिलेलं : मोबाइलमधल्या माइकचं चित्र दाबा आणि 'सृष्टीचा कर्ता' असं मोठ्यानं बोला. अंगदच्या मोटारसायकलवर मागं बसून ते घरोघर हिंडले. अंगद हा त्यांच्या चुलतभावाचा मुलगा, दुसरा पहारा त्याचा. मंठ्याच्या व्याह्यांना फोन झाला, टेंभुर्णीच्या साडूला झाला. मोसंबी तोडायला आलेल्या बायकांनी दुपारच्या सुट्टीत एकसाथ मोबाइल तोंडाशी धरले. ओट्यावरून, गोठ्यातून, दळणाच्या रांगेतून सृष्टीच्या कर्त्याला हाका जायला लागल्या. स्वतः कारभारी सकाळी नर्सरीत जात आणि वाफ्याच्या कडेला बसून दिवसाला चारशे वेळा माइक दाबत. मोजायला त्यांनी चारशे बिया घेतल्या होत्या. एक हाक, एक बी डावीकडून उजवीकडे.

अडचण निराळ्याच बाजूनं आली. निवडणूक म्हटली की लोक पहिला प्रश्न एकच विचारतात.

"समोर कोण हाय?"

"उत्क्रांती," कारभारी सांगत.

"कुण्या गावची?"

"बाई न्हाई ती. माणूस अगुदर माकड व्हता, असं हाय ते."

"कोण माणूस?"

"सगळेच. मी, तुमी."

"तुमचं ठावं न्हाई कारभारी, आमच्यात असं कुणी नव्हतं."

दोन घरं समजावता समजावता सकाळ जाऊ लागली. वस्तीवरची साठ घरं बाकी होती. तिसऱ्या दिवशी कारभारी घायकुतीला आले आणि म्हणू लागले, "मला इचारू नका, मोबाइलला इचारा." अंगदनंही पुढच्या घरांत हेच सांगितलं. गाव कारभारींचा शब्द मोडणारं नव्हतं. गावानं मोबाइलला विचारलं.

मोबाइलनं चित्र दाखवलं. एका ओळीत माकड, त्याच्यापुढं जरा वाकलेला, मग थोडा ताठ, असं करत शेवटी सरळ उभा माणूस. वेशीजवळच्या एका आजीबाईंनी ते चित्र सुनेला दाखवलं आणि दुसऱ्या आकृतीवर बोट ठेवून म्हणाल्या, "तुझा सासरा. चाल पह्य." ती गोष्ट दुपारपर्यंत गावभर झाली. मग ज्याला त्याला ते चित्र पाहायचं होतं. कोण कितव्या नंबरला बसतो यावर पारावर चर्चा झाल्या. साहेबराव तिसऱ्याशी जुळतात, याबद्दल दोन्ही भावक्यांचं एकमत झालं. गावात दहा वर्षांनी कशावर तरी एकमत झालं होतं. भांडण झालं की लोक नंबर काढून दाखवू लागले. पाहुण्यांना चहाच्या आधी चित्र दाखवू लागले. मंठ्याचे व्याही फोन करून म्हणाले, आम्ही तुमचं काम केलं, पण ते दुसरं फारच चांगलं निघालं, आमच्या गल्लीत सगळ्यांनी पाहिलं.

'सृष्टीचा कर्ता' म्हटल्यावर मात्र बारीक अक्षरातले लांबलचक लेख येत. ते कुणी दुसऱ्यांदा उघडले नाहीत.

या पंधरा दिवसांत गुरुजींनी बोटसुद्धा हलवलं नाही. विज्ञानाला प्रचार लागत नाही, असं ते राधेश्यामला सांगत. शेजारच्या जागेवर कारभारी येत नव्हते, त्यामुळे ते एकच चहा घेत आणि तोही त्यांना संपत नसे. आपण हरलो तर बरं होईल, असं त्यांनी विमलबाईंना एकदा बोलून दाखवलं. कीर्तन ऐकायची त्यांनी मनाची तयारी केली होती. शंका न विचारण्याची तयारी चालू होती.

दहाव्या दिवशी कारभारींचा घसा बसला. आकांक्षानं हळदीचं दूध दिलं आणि सहज विचारलं की एवढं कशानं झालं. कारभारींनी बिया दाखवल्या.

"आबा, एकाच माणसानं लागोपाठ तेच शोधलं तं ते एकदाच धरतेत," ती म्हणाली.

कारभारींनी बियांकडे पाहिलं. नऊ दिवसांच्या छत्तीसशे हाका.

सप्त्याच्या आदल्या संध्याकाळी देवळासमोर माणूस मावेना. साहेबरावांनी माइक लावला होता. आकांक्षानं मोबाइल उघडला, पान काढलं, आणि वाचायच्या आधी एकदा आबांकडे पाहिलं. ते पुढं मांडी घालून बसले होते. फेटा धुऊन, वाळवून, घडी करून मांडीवर ठेवलेला. उद्यासाठी.

"उत्क्रांती, शंभर," ती म्हणाली. "सृष्टीचा कर्ता, सत्तावीस."

साहेबरावांनी तिला खालून वर वाचायला सांगितलं. खालून वरही तेवढंच आलं. एवढी हाकाटी करून सत्तावीस कसे, असं लोक एकमेकांना विचारू लागले. कुणीतरी बाहेरगावची माणसं आणली असणार, असं एक जण म्हणाला. या शब्दासोबत लोकांनी आणखी काय काय शोधलं याचीही यादी येते, असं आकांक्षानं सांगितलं. साहेबराव म्हणाले, "वाच. चोर तरी सापडू दे."

तिनं वाचलं. उत्क्रांती म्हणजे काय. उत्क्रांती फोटो. माकडाचा माणूस फोटो. उत्क्रांती कोणत्या गावची. उत्क्रांती कोणाची मुलगी. माकडाचा माणूस नंबर तीन.

नंबर तीनला साहेबराव जागेवर चुळबुळले. बाकीचं गाव जमिनीकडे बघत होतं. ज्याला त्याला आपली आपली ओळ ओळखू आली होती.

सगळ्यात आधी उठले ते गुरुजी. यशश्रीनं अर्धवट सोडलेला अर्थ त्यांनी त्या दुपारीच फोनवर विचारून घेतला होता. त्यांनी माइक हातात घेतला आणि वीस मिनिटं भाषण केलं. हा शंभर म्हणजे शंभर टक्के नव्हे, शोधणं म्हणजे मानणं नव्हे, लोक गंमत म्हणूनही शोधतात, भीतीनंही शोधतात, तेव्हा या आकड्यावरून कुणी जिंकलं असं म्हणताच येत नाही, हे त्यांनी उदाहरणं देऊन, फळा नसताना, अतिशय सोपं करून सांगितलं. त्यांच्या तेहेतीस वर्षांतला तो सगळ्यात चांगला तास असावा. गावाला सगळं समजलं.

"हे पंधरा दिवस अगुदर सांगायचं व्हतं," कारभारी बसक्या आवाजात म्हणाले. "पहारा तुमचा."

"अहो कारभारी, मी देव मानत नाही."

"मानायचा सवालच न्हाई गुरुजी," साहेबराव म्हणाले. "जिंकायचा व्हता. जिंकले तुमी."

गुरुजींनी यादी मागवून घेतली, कारभारींच्या नावावर एक रेघ मारली आणि शेजारी स्वतःचं नाव लिहिलं. एवढं वाईट अक्षर त्यांनी पूर्वी कधी काढलं नव्हतं. कारभारींनी मांडीवरचा फेटा उचलला आणि गर्दीतून वाट काढत घरी गेले.

सकाळी विमलबाईंनी पेटीतलं धोतर काढून इस्त्री केलं. गुरुजींचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून दुखत असे. त्यावर त्यांनी गरम पट्टा बांधून दिला आणि वर धोतर नेसवलं. एवढ्या खुशीत त्यांना गुरुजींनी लग्नानंतर प्रथमच पाहिलं. पूजा झाली. मागच्या वर्षी ज्याचा पहिला पहारा होता त्यानं वीणा नव्या माणसाच्या गळ्यात घालायची, अशी रीत. चोवीस वर्षं ही रीत कुणाला आठवायची गरज पडली नव्हती, कारण मागचा आणि नवा एकच. कारभारी पुढं आले. त्यांनी वीणा उचलली, गुरुजींच्या गळ्यात घातली, वाकून पाया पडले. गुरुजीही वाकले. दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

कारभारी तिथं थांबले नाहीत. नर्सरीत जाऊन खुंटाजवळ बसले आणि चाकू काढून तसाच परत ठेवला. देवळावरचा भोंगा शेतापर्यंत ऐकू येत होता. गुरुजी नाव घेत होते. नाव घेऊन जरा थांबायचे, मग पुन्हा घ्यायचे. हजेरी घेताना मुलानं "हजर" म्हणायची वाट बघावी तसं. दुर्गाबाई चहा घेऊन आल्या, थोडा वेळ ऐकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कोणी ओ देस्तोर सोडणार न्हाई हा माणूस."

दीड तासानंतर आवाज उतरायला लागला. दोन तास झाले. अंगद पहारा घ्यायला यायला हवा होता. तो कीर्तनकार महाराजांना आणायला तीर्थपुरीला गेला होता आणि येताना गाडीची चेन तुटली होती. देवळात माणसं पुष्कळ होती, पण पंगत बसून उठली होती, आणि जेवलेल्या माणसानं वीणा घ्यायची नाही, अशी गावची रीत. सव्वादोन तास झाले. भोंग्यातून नाव येईना, नुसती तार वाजत होती. तीही थांबून थांबून.

त्या दिवशी गावात न जेवलेला पुरुष एकच होता. त्याला जेवण गेलं नव्हतं.

कारभारी बांधावरून निघाले ते हातपाय धुऊन सरळ देवळात शिरले. गुरुजींचा उजवा पाय थरथरत होता, घामानं सदरा भिजला होता. माइक चालूच होता, त्यामुळे पुढचं सगळं गावानं घरबसल्या ऐकलं.

"घ्या हो कारभारी. पाय गेला माझा."

"न्हाई घेत. सोडलाय म्या."

"मी पडेन. वीणा खाली लागेल."

"पडू देत न्हाई."

आणि कारभारींनी मागून जाऊन गुरुजींच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारली. मोसंबीचं भरलेलं क्रेट उचलावं तसं थोडं वर उचललं, म्हणजे गुडघ्यावरचा भार गेला. वीणेला त्यांनी बोट लावलं नाही. शब्द मोडला नाही आणि नियमही मोडला नाही.

"नाव घ्या," ते मागून म्हणाले.

गुरुजींनी नाव घेतलं. "पण हे मी मानतो म्हणून नाही."

"कोण म्हणतं? घ्या."

पुन्हा नाव. "आणि तो आकडा चुकीचा होता."

"सत्तावीस बी चुकीचे का?"

"दोन्ही."

"मंग घ्या जल्दी. माझे हात भरून राह्यले."

नाव, वाद, नाव, वाद, असं भोंग्यावरून चालू राहिलं. जेवून घरी पडलेले लोक उठून परत देवळात आले. बायका हातातलं काम टाकून आल्या. राधेश्याम हॉटेल उघडं टाकून आला. पहिल्या पहाऱ्याला एवढी गर्दी चोवीस वर्षांत झाली नव्हती. अंगद पाऊण तासानं आला, पण चेनच्या ग्रीसनं काळा झालेला. त्याला आंघोळीला पाठवलं, तेव्हा आणखी वीस मिनिटं गेली. तोवर वीणा गुरुजींच्या गळ्यात होती आणि गुरुजी कारभारींच्या कवेत.

पुढच्या वर्षीच्या बैठकीत गुरुजींनी यादी लिहिताना पहिल्या ओळीत न विचारता कारभारींचं नाव लिहिलं. कारभारींनी ते खोडायला लावलं. जिंकल्याशिवाय घेणार नाही, म्हणाले. पुन्हा एकदा शोध लावा, असं कुणीतरी सुचवलं. आकांक्षानं मोबाइल बंद करून पिशवीत टाकला. शेवटी साहेबरावांनी तोड काढली आणि यादीत तशी नोंद झाली : पहिला पहारा, वामन गुरुजी, धरायला, कारभारी. २०२४ चा पहिला पहारा दोघांनी तसाच केला. भोंगा चालूच होता आणि वाद मोसंबीच्या बियांवरून होता.

२०२५ च्या सप्त्याला यादीच्या पहिल्या ओळीत एकट्या कारभारींचं नाव होतं. फेटा बांधून ते दोन तास उभे राहिले. वामन गुरुजी त्याआधी सहा आठवडे, १५ जानेवारीला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, जालन्याच्या दवाखान्यात वारले.